गाडी धुतल्यावर रंगावर राहणारे पाण्याचे डाग: आधी डाग ओळखा, मग हात लावा

प्रश्न असा आहे: गडद रंगाची गाडी घरी धुतली, तशीच उन्हात वाळली आणि बॉनेट, टप, डिकीवर पांढरट गोल डाग राहिले. पुन्हा शाम्पूनं धुतली. ओली असताना डाग गायब, वाळली की परत हजर. आता व्हिनेगर लावायचं की सरळ रबिंग, म्हणजे रंग घासून पॉलिश, करून घ्यायचं?

सरळ रबिंग नको. व्हिनेगरनं बहुतेक काम होईल, पण तेही एका कोपऱ्यात करून पाहिल्याशिवाय सगळ्या गाडीवर ओतू नका. पाण्याचा डाग रंगावर बसलेला असू शकतो किंवा रंगात उतरलेला असू शकतो, आणि या दोन्हींचे उपाय एकदम वेगळे आहेत. वर बसलेला डाग विरघळवून काढायचा असतो. आत उतरलेल्या डागाला विरघळवण्यासारखं काही उरलेलंच नसतं, तिथं आजूबाजूचा रंग घासून खड्ड्याच्या पातळीला आणावा लागतो. पहिल्या प्रकारावर दुसऱ्याचा उपाय केला तर डाग जातो, पण त्याच्याबरोबर रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे कधीही परत न भरून येणारी क्लिअर कोटही जाते.

डाग होतो कसा ते आधी पाहू, म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी उडून जाताना कार्बन डायऑक्साइडही निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट राहतं, म्हणजे चुनखडी. नळाच्या तोंडाशी आणि बादलीच्या काठाशी बसणारा पांढरा थर तोच. प्रमाण बघा: पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम विरघळलेले घटक असतील आणि धुतल्यावर गाडीवर २०० मिलिलिटर पाणी राहिलं, तर ते वाळल्यावर १०० मिलिग्रॅमच्या आसपास क्षार गाडीवर राहतात. चिमटीत मावणारं मीठ, पण हजारो थेंबांत वाटलेलं आणि काळ्या आरशावर पसरलेलं. त्यामुळं शाम्पू कितीही चांगला असला तरी शेवटचं पाणी गाडीवर वाळलं की डाग पडणारच.

डाग मध्ये फिकट आणि कडेला ठळक, बांगडीसारखा का दिसतो? थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि पातळ असल्यानं तिथलं पाणी लवकर उडतं. ती जागा भरून काढायला मधलं पाणी कडेकडे सरकत राहतं आणि क्षार सोबत घेऊन जातं. सांडलेल्या कॉफीचा डागही याच कारणानं कडेला गडद होतो. हे लक्षात ठेवण्याचं कारण असं की रंग खाल्ला जातो तोही मुख्यतः त्या कडेवर. म्हणून डाग गेल्यावरही कधीकधी फक्त एक बारीक गोल रेघ राहते.

थेंब भिंगासारखं काम करून रंग जाळतो, हे जाता जाता खोडून टाकतो. सपाट पत्र्यावर बसलेल्या थेंबाचा केंद्रबिंदू रंगाच्या बराच खाली पडतो, त्यामुळं तिथं जळण्याइतकी उष्णता एकवटत नाही. उन्हाचा दोष वेगळा आहे. गडद बॉनेट कडक उन्हात ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सहज जातं. पाणी झपाट्यानं उडतं, उरलेल्या थेंबात क्षार आणि आम्ल दाट होत जातात आणि त्याच वेळी तापलेली क्लिअर कोट थोडी नरम पडलेली असते. नुसत्या पाण्याऐवजी पावसाचं धूर-काजळी मिसळलेलं पाणी असेल तर खाण्याचा वेग आणखी वाढतो.

आता ओळख. ओलं केल्यावर डाग दिसेनासा होतो यावरून काहीच ठरत नाही, कारण दोन्ही प्रकारचे डाग ओले असताना लपतात. क्षाराच्या खरबरीत थरावर किंवा खड्ड्यात पाणी भरलं की प्रकाश विखुरणं कमी होतं, एवढंच. खरी तपासणी अशी करा. गाडी स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करा. हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बोटाचं टोक डागावरून अलगद फिरवा. उघड्या बोटाला जे जाणवत नाही ते पिशवीतून जाणवतं. बारीक खरखर लागली तर क्षार वर आहेत. अगदी गुळगुळीत लागलं आणि टॉर्च तिरकी धरल्यावर डागाच्या कडेला सावली दिसली तर खड्डा पडलाय.

तरीही शंका असेल तर एकच डाग निवडा, बॉनेटच्या कोपऱ्यातला. कापसाचा बोळा पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवून डागावर एक मिनिट नुसता ठेवा, घासू नका. मग ओल्या फडक्यानं पुसा, कोरडं करा, टॉर्च धरा. बुडबुडे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका, एका डागात क्षार इतके कमी असतात की फसफस डोळ्याला दिसत नाही. आता चार शक्यता आहेत. डाग पूर्ण गेला, तर सगळ्या गाडीला हाच उपाय. डाग अर्धवट गेला, तर थर जाड आहे, आणखी एक-दोन फेऱ्या लागतील. पांढरेपणा गेला पण गोल रेघ राहिली, तर वरचे क्षार निघाले आणि खाली खड्डा उरला. काहीच फरक पडला नाही, तर एक तर तो सिलिकाचा किंवा जिप्समचा थर आहे, ज्यावर व्हिनेगर जवळपास निरुपयोगी असतं, नाही तर तो पाण्याचा डागच नाही: झाडाचा चीक, उडालेला रंग, वाळलेलं पॉलिश काहीही असू शकतं. जुन्या गाडीच्या टपावर पांढरे, कडा उचललेले चट्टे असतील तर ती क्लिअर कोट सुटत चालल्याची खूण. त्यावर पुन्हा रंगवण्याखेरीज उपाय नाही, पॉलिशचे पैसे वाया घालवू नका.

डाग काही तासांचेच असतील तर आम्लाचीही गरज नसते. जाड मायक्रोफायबर डिस्टिल्ड पाण्यात भिजवून डागांवर ५ ते १० मिनिटं पसरून ठेवा, मग क्विक डिटेलर (धुतल्यावर मारायचा, फडकं घसरतं ठेवणारा फवारा) मारून हलक्या हातानं पुसा. ताजा थर भुसभुशीत असतो, बराचसा निघून येतो. डिस्टिल्ड पाणी हाताशी नसेल तर बॅटरीत भरायचं डिमिनरलाइज्ड पाणी चालतं. बाटलीवरचं लेबल मात्र दोनदा वाचा. बॅटरीचं पाणी आणि बॅटरीचं अ‍ॅसिड शेजारीशेजारीच ठेवलेलं असतं.

दोन-चार दिवस किंवा आठवडे जुन्या डागांना आम्ल लागतं. साधं पांढरं व्हिनेगर, ज्यात अ‍ॅसिटिक आम्ल ५ टक्क्यांच्या आसपास असतं, आणि तितकंच डिस्टिल्ड पाणी. बॉनेट, टप आणि डिकीसाठी २५० मिलिलिटर व्हिनेगर आणि २५० मिलिलिटर पाणी पुरतं. यात नळाचं पाणी मिसळू नका, त्यातले क्षार विरघळवण्यातच थोडं आम्ल खर्च होईल आणि वर नवे क्षार तुम्हीच आणून टाकाल. गडद किंवा फळांचं व्हिनेगर नको, त्यात साखर आणि रंग असतो.

लावण्याआधी गाडी नीट धुतलेली हवी. धूळ असताना फडकं फिरवलं तर पाण्याचे डाग जातील आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसणारे गोल ओरखडे येतील, जे काढणं डागांहून अवघड. गाडी सावलीत आणि पत्रा हाताला थंड लागला पाहिजे. तळहातापेक्षा हाताची मागची बाजू टेकवून पाहा, तिला उष्णता लवकर कळते.

एका वेळी अर्धं बॉनेट घ्या. आडव्या भागावर फडकं द्रावणात भिजवून, किंचित पिळून पसरून ठेवा. फवारा मारला की थेंब होतात आणि घसरतात, फडकं मात्र द्रावण जागेवर धरून ठेवतं. दरवाज्यांना फवाऱ्याशिवाय गत्यंतर नाही, तिथं मारून लगेच ओल्या फडक्यानं सारखं करत राहा. वेळ १ ते २ मिनिटं. त्याहून जास्त ठेवल्यानं फायदा वाढत नाही, वाळण्याचा धोका वाढतो, आणि वाळलेलं द्रावण स्वतःच नवा डाग टाकतं. मग त्याच ओल्या फडक्यानं, फडक्याच्या वजनाइतकाच दाब देऊन, सरळ रेषेत पुसा. गोल गोल नको. लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डाग कमी झाले पण गेले नाहीत तर पुन्हा तेच, जास्तीत जास्त तीन वेळा. तिसऱ्या फेरीत काही निघत नसेल तर चौथ्यातही निघणार नाही. सगळं झालं की पूर्ण गाडी कार शाम्पूनं धुवा, फटी आणि रबराच्या पट्ट्यांमागे अडकलेलं आम्ल त्यानं निघून जातं. खाण्याचा सोडा लावून आम्ल मारायचा सल्ला अनेक जण देतात, त्याची गरज नाही. सोड्याचे न विरघळलेले कण फडक्याखाली आले तर घासतात आणि वाळलेला सोडा पांढरी पूड मागे ठेवतो.

व्हिनेगर कमी पडलं तर सायट्रिक आम्ल: १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात २० ग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचं द्रावण. हे कॅल्शियमला जखडूनही ठेवतं, म्हणून जाड थरावर जास्त चालतं. पण यात एक खोच आहे. कॅल्शियम सायट्रेट पाण्यात फारसं विरघळत नाही. द्रावण वाळू दिलं किंवा धुण्यात हयगय केली तर धूसर पांढरा पडदा राहतो आणि माणसाला वाटतं डाग वाढले. मिनिटभर ठेवा, धुवा, पुन्हा ताजं लावा. लिंबू चोळणं हे याचंच ढिसाळ रूप, आम्ल तेच पण साखर, गर आणि साल सोबत. प्रमाण कळत नाही, करू नका.

पाण्याचे डाग काढायची तयार द्रावणं मिळतात आणि त्यातली बरीचशी चांगली असतात. सौम्य आम्लाबरोबर ओलं ठेवणारे आणि चिकटपणा सोडवणारे घटक असल्यानं ती पृष्ठभागावर सारखी पसरतात. लेबलावर क्लिअर कोटला चालतं असं स्पष्ट लिहिलेलं हवं. हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेलं काहीही घरी वापरू नका. सिलिकावर तेच चालतं हे खरं, पण ते काच खातं आणि कातडीतून आत जाऊन गंभीर इजा करतं. संडास साफ करायचं हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण पातळ करूनही नको, उघडे स्क्रू, ब्रेक डिस्क, पत्र्याच्या कडा गंजायला त्याची नुसती वाफही पुरते. आणि कुठलंही आम्ल ब्लीचजवळ आणू नका, क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरलाही हे लागू आहे.

आम्ल कुठं लावायचं नाही: क्रोमच्या पट्ट्या, पॉलिश केलेलं किंवा अ‍ॅनोडाइज केलेलं अ‍ॅल्युमिनियम, ब्रेक डिस्क, पत्र्यापर्यंत गेलेले ओरखडे, आणि पूर्ण मुरलेला नसलेला ताजा रंग. या जागांवर मास्किंग टेप लावा किंवा आधी पाण्यानं ओल्या करून ठेवा. खाली संगमरवर किंवा दुसरी चुनखडीची फरशी असेल तर गाडी हलवा, फरशीवरचे डाग गाडीवरच्यांपेक्षा महागात पडतील. हातात नायट्राइलचे मोजे, डोळ्यांना चष्मा.

क्ले बारबद्दल नेहमी विचारलं जातं. क्ले, म्हणजे रंगावरून फिरवायची मातीसारखी मऊ वडी, ही रंगात रुतलेले लोखंडाचे कण, डांबराचे ठिपके, उडालेला रंग यांच्यासाठी. क्षारांचा पातळ थर ती ओढून काढत नाही, उलट सुटलेला कठीण कण तिच्यात अडकतो आणि पुढच्या फटक्याला रेघ ओढतो. आधी आम्ल, धुणं, आणि त्यानंतरही पिशवीतल्या बोटाला खरखर लागली तरच क्ले.

आता खड्डा पडलेल्या डागांकडे येऊ, कारण बहुतेक गाड्या इथंच बिघडतात. कारखान्यातून येणाऱ्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात आणि त्यातली वरची क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. साध्या कागदाच्या निम्म्याहून कमी. बारीक पॉलिशचा एक हात १-२ मायक्रॉन नेतो, जाड कंपाउंड (जास्त कापणारं पॉलिश) आणि लोकरी पॅड त्याच्या कितीतरी पट. ऊन अडवणारे घटक या क्लिअर कोटमध्येच असतात, म्हणजे ती पातळ झाली की आज चकाकी येते आणि काही वर्षांनी टपाचा रंग सुटायला लागतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र सगळ्या थरांची मिळून जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरली हे सांगत नाही. म्हणून धोरण एकच: सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडनं सुरुवात, आणि काम झालं की थांबायचं.

डाग मोजकेच असतील तर हातानंही जमतं. फोमच्या अ‍ॅप्लिकेटरवर वाटाण्याएवढं फिनिशिंग पॉलिश घ्या, एका वितीएवढ्या भागात उभं-आडवं २०-३० वेळा मध्यम दाबानं फिरवा, पुसा, बघा. वेळखाऊ आहे, पण हातानं क्लिअर कोट भोसकणं जवळपास अशक्य.

बॉनेट भरून डाग असतील तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन, ज्यात पॅड फिरता फिरता हलतोही. नुसती गोल फिरणारी रोटरी नको, तिच्यात उष्णता एकाच जागी साठते आणि सवय नसलेल्या हातात ती कडेवरचा रंग काही सेकंदांत उडवते. ५ इंचाचा मऊ किंवा मध्यम फोम पॅड, त्यावर वाटाण्याएवढे ४ थेंब. सुमारे ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा भाग टेपनं आखून घ्या. मशीन बंद असताना पॅड टेकवून पॉलिश पसरवा, १ नंबरच्या वेगावर सारखं करा, मग ६ पैकी ४ वर न्या. दर सेकंदाला २-३ सेंटिमीटर सरकेल इतक्या सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवून, दोन फेऱ्या उभ्या आणि दोन आडव्या. पॅडमागच्या प्लेटवर मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली पाहिजे. ती थांबली म्हणजे दाब जास्त झाला आणि पॅड नुसता थरथरतोय, काम करत नाही.

मग पुसून बघताना फसू नका. पॉलिशमधली तेलं खड्डे भरतात आणि डाग गेल्यासारखे वाटतात, दोन धुण्यांनंतर तेच परत दिसतात आणि लोक म्हणतात डाग पुन्हा उगवले. १ भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ४ ते ५ भाग डिस्टिल्ड पाणी असं फवारून पुसा आणि मग टॉर्च तिरकी धरा. डाग गेले असतील तर तेच पॉलिश, तोच पॅड, तेवढ्याच फेऱ्या बाकी भागांवर. गेले नसतील तर आधी पॅड एक पायरी कडक घ्या, पॉलिश तेच ठेवा. त्यानंही नाही तर मध्यम कापणारं पॉलिश, आणि मग पुन्हा फिनिशिंगचा हात. एकदम कंपाउंड नाही. दर भागानंतर पॅड ब्रशनं साफ करा, सुटलेली क्लिअर कोट त्यात साचते आणि पॅड तेलकट होऊन घसरायला लागतो.

कडा, बॉनेटवरच्या उठावदार रेषा आणि दरवाज्यांच्या टोकांवर रंग सगळ्यांत पातळ असतो, तिथं टेप लावून मशीन लांब ठेवा. बंपर प्लॅस्टिकचा असतो, पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, म्हणून तिथं वेग एक नंबरनं कमी आणि मध्येमध्ये हात लावून बघणं. कोमटपेक्षा जास्त लागला तर थांबा.

यानंतरही काही डाग राहतात. ते इतके खोल असतात की काढायला २००० किंवा ३००० नंबरच्या पाणकागदानं घासावं लागेल. ते काम रंगाची जाडी मोजून, रोज हेच करणाऱ्या माणसानं करायचं, आणि त्यानंही नाही म्हणायची तयारी ठेवून. दोन फूट अंतरावरून न दिसणारी, फक्त टॉर्चमध्ये दिसणारी अंधूक गोल रेघ राहू दिलेली बरी. प्रदर्शनात न ठेवता रोज चालवायच्या गाडीवर ती राहिली तर काही बिघडत नाही.

मॅट रंगावर यातलं पॉलिश अजिबात चालत नाही. घासलेली जागा चकाकते आणि ती पुन्हा मॅट होत नाही. तिथं फक्त पातळ आम्ल, तेही मॅट रंगाला चालणारं आणि थोडा वेळ. पारदर्शक संरक्षक फिल्मवर आम्ल चालतं, जोरात घासणं नाही. हलके खड्डे काही फिल्म उन्हात किंवा गरम पाण्यानं आपोआप भरून काढतात, म्हणून पॉलिशच्या आधी ते करून पाहावं.

सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावलेला कठीण संरक्षक थर) असूनही डाग का, हा ठरलेला तक्रारीचा सूर. कोटिंगवर थेंब गोल आणि उंच उभे राहतात. पाणी वाहून गेलं तर उत्तम, पण आडव्या पत्र्यावर थांबलेले उंच थेंब हळूहळू आकसतात आणि आपले सगळे क्षार छोट्या जागेत टाकतात. त्यामुळं कोटिंग असलेल्या गाडीवर डाग संख्येनं कमी पण ठळक दिसू शकतात. चांगली गोष्ट अशी की ते बहुधा कोटिंगपाशीच थांबतात, क्लिअर कोटपर्यंत पोचत नाहीत. आधी आम्ल. पॉलिश लावलं तर डागांबरोबर तेवढ्या जागेचं कोटिंगही जाईल आणि पुन्हा लावावं लागेल.

काचेचं गणित निराळं. काच व्हिनेगरसारख्या आम्लाला दाद देत नाही, त्यामुळं व्हिनेगर पाणी न मिसळताही चालतं, फक्त ते खालच्या रंगावर ओघळू देऊ नका. जुना थर असेल तर सेरियम ऑक्साइडचं काचेचं पॉलिश वापरा, ओलं ठेवून. पुढच्या काचेवर चालकाच्या नजरेसमोर एकाच जागी जास्त घासू नका, काच किंचित खोल गेली तरी रात्री समोरचे दिवे वेडेवाकडे दिसतात. आतून फिल्म लावलेली असेल तर आतल्या बाजूला यातलं काहीही नाही.

टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, रॉकेल यांची नावं दर वेळी निघतात. पहिल्या दोन्ही म्हणजे कणांची जाडी न कळणारं पॉलिश, आणि रॉकेल क्षार विरघळवत नाही, तेलकट थरानं नुसते झाकतं.

डाग निघाले की त्याच दिवशी वॅक्स किंवा सीलंट लावा. आम्ल आणि पॉलिशनं जुना थर काढलेला असतो, आणि उघड्या क्लिअर कोटवर पुढचा डाग लवकर उतरतो. वॅक्स डाग पडू देत नाही असं नाही, पण डाग आधी त्याला खातो.

पुढच्या धुण्यात सवय बदलायची ती एवढीच की गाडीवर पाणी वाळता कामा नये. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना. सगळ्या गाडीला फेस लावून मग धुवायला जाऊ नका, एक भाग धुतला की तो पाण्यानं काढा आणि आधी धुतलेल्या भागावरही अधूनमधून पाणी मारून तो ओला ठेवा. शेवटचं पाणी फवाऱ्यानं मारू नका. पाइपचं नोझल काढा, पाणी मंद सोडा आणि टपाच्या मध्यापासून सलग चादरीसारखं खाली वाहू द्या. वाहतं पाणी मागचे थेंब ओढून नेतं आणि पुसायला निम्म्याहून कमी पाणी उरतं. मग जाड, पीळदार विणीचं मायक्रोफायबर पसरवून एका दिशेनं ओढा. दर दोन भागांमागे क्विक डिटेलरचे एक-दोन फवारे मारले तर फडकं घसरतं, अडकत नाही, आणि राहिलेले बारीक थेंब क्षारांसह उचलले जातात. पाणी ओढायचं रबरी पातं रंगावर नको, त्याखाली आलेला एक कण बॉनेटभर रेघ ओढतो.

पाणी किती क्षाराचं आहे हे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) मीटर सांगतो. ५० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली डाग पडले तरी हलके असतात, ३००च्या पुढं गडद रंगावर हमखास. सॉफ्टनर बसवला की टीडीएस उतरेल असं समजू नका. तो कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो, एकूण क्षार जवळपास तेवढेच राहतात. फायदा इतकाच की सोडियमचे क्षार पाण्यात सहज विरघळतात, डाग पडला तरी ओल्या फडक्यानं निघतो. खरोखर डागमुक्त हवं असेल तर शेवटच्या धुण्यापुरतं डीआयनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी, मिक्स्ड बेड रेझिनच्या (क्षार धरून ठेवणाऱ्या दाण्यांच्या) कार्ट्रिजमधून. शाम्पू आणि फेस नळाच्याच पाण्यानं करा, नाहीतर रेझिन फुकट संपतं. मीटर १० पीपीएमच्या वर गेला की रेझिन बदलायची वेळ आली. सिलिका मात्र मीटरवर दिसत नाही, कारण मीटर विजेचं वहन मोजतो आणि पाण्यातली सिलिका जवळपास वीज वाहत नाही. रेझिन संपत आलं की सगळ्यांत आधी तीच निसटते, आणि तिचाच डाग व्हिनेगरला दाद देत नाही. म्हणून आकडा ठीक असूनही फिकट डाग दिसायला लागले तर रेझिनवर संशय घ्या.

पुसून झाल्यावर गाडी लगेच उन्हात काढू नका. आरसे, दरवाज्यांचे हँडल, कंपनीचं चिन्ह, नंबरप्लेट आणि काचांच्या खालच्या रबरी पट्ट्या यांच्यामागे पाणी लपलेलं असतं. ब्लोअर असेल तर तिथं मारा. नसेल तर दरवाजे आणि डिकी एकदा उघडून आपटा, दहा मिनिटं थांबा आणि कोरडं फडकं घेऊन एक फेरी मारा. आरशाखालून दरवाज्यावर ओघळलेली रेघ त्या फेरीत पुसली जाते.